सत्तावीस पेन्स

मंगळवारी बाजार भरतो, म्हणून मंगळवारीच आले.
लेडबरीच्या जुन्या बाजारघराखाली सँडविच खाल्लं,
लाकडी खांब मोजले: सोळा.
पुन्हा मोजले. सवय.

सायडरच्या कारखान्यात एकवीस वर्षं वह्या लिहिल्या;
कारखाना गेला.

खाटकाच्या दुकानावर, वाकड्या जिन्याने,
मिस्टर पिंचिस.
अर्ज चष्म्यावरून वाचला. "त्रेपन्न. हं."
आणि बुटांचा खोका पुढे सरकवला:
चीज विकणाऱ्या दोघा भावांच्या पावत्या,
भाऊ आता एकमेकांशी बोलत नाहीत.
"सत्तावीस पेन्स जुळत नाहीत, मिस प्रॉसर. फेब्रुवारीपासून."

सत्तावीस. नवाने भाग जातो.
म्हणजे चोरी नव्हे,
कुणीतरी आकडे उलटे मांडलेत.
खाली सुरा ठोकळ्यावर पडत होता,
मी एकेक चिठोरं उलटत होते.

सापडलं. सुतळीचं बिल.
थोरल्याच्या पावतीवर ३६,
धाकट्याने वहीत उतरवले ६३:
पाठ फिरवलेल्या दोघांना
नकळत समोरासमोर बसवून.

पिंचिस बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.
खोडलं नाही त्यांनी, मीही नाही.
मग विचारलं, "चहात साखर किती?"

"एक," मी म्हणाले.
दोन घेते, खरं तर.