पाचर

गाडीमागे आठ डॉलर घेताना
खिडकीतली पोरगी म्हणाली,
"पाणी फारसं नाही हं यंदा. जूनपासून थेंब नाही."
तू तिने दिलेल्या नकाशाची घडी घालत होतास.
नकाशा! तुला!
सत्तावीस वर्षं या घळीत
पायऱ्या बसवल्यास, उखडल्यास, पुन्हा बसवल्यास.

वरच्या बाकावर तुला बसवलं.
गुडघ्यांनी मागच्या हिवाळ्यातच राजीनामा दिलाय.
थर्मास तुझ्यापाशी, काठी तुझ्यापाशी,
माझ्यापाशी तुझ्या सूचना:
कठडा सोडू नकोस, डोरीन.
एकशे बारावीला खालून पाचर मारलीय,
शाबूत आहे का बघ.
आणि घाई नको, मी कुठे पळून जातोय?

उतरले.
हेमलॉकच्या सावलीत ओल्या दगडाचा तो वास,
तुझ्या शर्टांना यायचा तोच.
केवढी करवादायचे मी.
आता तुझ्या शर्टांना नुसता साबणाचा येतो.

पुढे एक बाप, मागे त्याची लाल टोपीतली मुलगी
मोठ्याने पायऱ्या मोजत.
नव्याण्णवनंतर तिचे आकडे संपले, म्हणून
शंभर, शंभर, शंभर.
माझाही हिशोब तिने चुकवला.
अंदाजाने वाकले, फळीखाली हात घातला.
होती.
फुगलेली, शेवाळलेली, तुझ्या अंगठ्याएवढी.
आणि शेजारी कुणी तरी
चार चकचकीत स्क्रू पिळलेले.
हे सांगायचं नाही, ठरवलं.

खाली धबधबा नव्हता.
कुणी तरी नळ नीट बंद केला नव्हता, एवढंच.
दोन पोरं त्याच्या मागे उभी राहून
एकमेकांचे फोटो काढत होती, कोरडीच.
एरवी पाण्याने झाकलेला कडा
आज उघडा पडला होता.
दगडाला इतके पदर असतात, व्हर्जिल?
तळघरात तू रचून ठेवलेल्या वर्तमानपत्रांसारखे,
एकावर एक, फेकू न दिलेले.
आणि वरच्या एका पदराच्या बेचक्यात
एका पाखराचं घरटं, मातीचं, रिकामं.
चाळीस वर्षं आपण इथे येतोय,
आणि ते पाण्याआड असं बसलेलं.
मला परक्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं.

डोह होता थोडा. त्यात रुमाल भिजवला.

चढताना, दर दहा पायऱ्यांनी थांबत
तुला सांगायचं वाक्य जुळवत आले:
भरून वाहतोय, कानठळ्या बसतात,
पोरी छत्र्या घेऊन उभ्या आहेत.
छत्र्या जरा जास्तच झाल्या, काढून टाकल्या.

"कसा आहे?" तू विचारलंस.
मी तोंड उघडलं.
"राहू दे," म्हणालास, "इथून ऐकतोय ना मघापासून.
काहीच नाहीये."

रुमाल तू मानेवर ठेवलास. डोळे मिटलेस.
बऱ्याच वेळाने,
"पाचर?"
"आहे."
"आणि स्क्रू?"
मी गप्प.
"मीच सांगितलं त्या पोरांना.
म्हटलं, म्हाताऱ्याच्या पाचरीवर विसंबू नका."

मग कॉफी, अर्धी अर्धी, झाकणातून.
तेवढ्यात लाल टोपी वर पोचली,
धापा टाकत, बापाच्याही आधी,
आणि आम्हा दोघांनाच जाहीर केलं:
"शंभर!"

तू गंभीरपणे मान हलवलीस.
"बरोबर," म्हणालास,
"मी मोजूनच बसवल्यात."