घट

विट्यात, स्टँडच्या मागं माझं दुकान.
झेरॉक्स, लाइट बिल, विमानाची तिकिटं.
विमान मी अजून आतून पाहिलेलं नाही,
पण कुठून कुठं किती वाजता सुटतं, ते विचारा.

सयाजीआबा बाबर आले, लेंगऱ्याचे.
टोपी काढून मांडीवर ठेवली.
"कोइमतूर ते दिब्रुगड. लांबी सांग, पोरी."
"तिकीट किती जणांचं?"
"तिकीट नको. नुसती लांबी."

दोन्हीकडं त्यांची गलाईची दुकानं, दोन पोरांची दोन.
उद्धव कोइमतूरला, बापाच्याच भट्टीवर.
धाकटा दिनकर भांडून निघाला
आणि रेल्वे संपली तिथं उतरला.
नऊ वर्षं झाली.
कशावरून, तर म्हणे एका मुशीतून
साडेतीन ग्रॅम कमी निघालं.

मी आकडा काढला.
सरळ रेघेत दोन हजार सहाशे एकवीस किलोमीटर.
उडायला साडेतीन तास.
"साडेतीन," आबा हसले. "बघ की."

पण थेट विमान नाही.
चेन्नईला थांबा, कोलकात्याला थांबा,
सगळं धरून तेरा तास.
"मग मधले साडेनऊ तास कुठं जात्यात?"
"बसायचं, आबा. खुर्चीत. महागाचा चहा पीत."
"म्हंजे घट," ते म्हणाले.
"सोनं वितळवलं की थोडं जातंच.
धुरात जातं, मुशीला चिकटतं,
राख चाळली, दुकानाची माती धुतली
तरी सगळं घावत न्हाय.
गिऱ्हाइकाला ते आधी सांगायचं असतं."
थोडं थांबून:
"भावाला कोण सांगतंय आधी."

मग पडद्याकडं झुकले.
"ह्या रेघेत आपलं विटं कुठं येतं?"
येत नाही.
रेघ आंध्राच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरते,
निळ्यातून वर चढत जाते.
आपण डावीकडं राहतो. खूप डावीकडं.
"विटं घालून बघ."
विट्याला विमानतळ नाही, यंत्र घेईना.
"मग कवलापूर घाल. धावपट्टी हाय तिथं."
ते नावही यंत्राला माहीत नव्हतं.
शेवटी मी नकाशावरच टाचणी रोवली,
लेंगऱ्याच्या ओढ्यापाशी,
आणि रेघ तिथपर्यंत ओढत आणली.

पाचशे दहा किलोमीटर वाढले.

आबा बराच वेळ गप्प.
बाहेर कंडक्टर दांडीवर तिकिटाचं यंत्र आपटत होता.
बोटांवर हिशेब झाला.
"शंभरात सोळा.
एवढी घट कुठलाच गलाईवाला कबूल करायचा न्हाय.
माझ्याकडं कुणी आला असता तर
मीच त्याला दुकानातनं उठवला असता."

तरी म्हणाले, छापून दे. दोन कागद.
वाकलेल्या रेघेचे.
एक कोइमतूरला, एक तिकडं.
"खाली काय लिहू?"
"काय नको. दोघांनाबी काटा वाचता येतो."

वीस रुपये झाले.
पन्नासची नोट टेबलावर ठेवली,
कागद सदऱ्याच्या आत, पोटाशी घातले
आणि लेंगऱ्याच्या गाडीत चढले.
मी सुट्टे घेऊन धावले तोवर
गाडी पुलाकडं वळली होती.

तीस रुपये वेगळे ठेवलेत.
आबा परत आले नाहीत अजून.
टपालाला किती दिवस लागतात,
ते मात्र मला कुणी विचारलेलं नाही.