चौथा फड

आश्विन सरताना दगा आप्पा बंधाऱ्यावर जातात
आणि गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडतात.
पाच गाठी ओल्या, तर चारी फड भिजणार.
यंदा ओल्या झाल्या तीन.

रात्री मारुतीच्या ओट्यावर बैठक.
कोणी तंबाखू मळली, कोणी नुसताच घसा खाकरला.
मग ठरलं ते ठरलं: दोन फड गव्हाचे,
तिसऱ्यात हरभरा, एका पाण्यावर.
चौथा पडीक.
प्रत्येकाची एकेक पट्टी चारीही फडांत आहे,
म्हणून पडीक कोणा एकाच्या वाट्याला येत नाही.
पणज्यांनी हे कागदावर कधी लिहिलं नाही,
जमीन वाटतानाच लिहून ठेवलं.

नाशिकहून आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं,
ही योजना कोणत्या सालची?
आप्पा म्हणाले, मोसम नदीला विचारा.

वही मी सांभाळते.
पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस,
गैरहजर घराची एक पाळी कमी.
बापाच्या हातच्या जुन्या वहीत
नावांपुढे रेघा, कपाचा एक गोल डाग,
आणि एका पानावर एवढंच:
'पाऊस. काम बंद. सगळे भिजले.'

केदा नानांनी बोअर पाडलं, डाळिंब लावलं,
तेव्हापासून त्यांच्यापुढे रेघ नाही.
कोणी भांडलं नाही.
त्यांच्या वळणावर गवत मात्र माजलं
आणि खालच्या सहा घरांचं पाणी
त्या गवतात रेंगाळू लागलं.

काल सकाळी सुपडी वहिनी आल्या,
पदर खोचलेला, खांद्यावर फावडं.
"बोअर आटलं वाटतं?" मागून कोणीतरी.
"नाही, चालू आहे.
पण शेवंताचा गहू मागच्या साली पिवळा पडला.
माझ्या ओट्यावरून दिसतो तो."
आणि वळणापासूनच त्यांनी सुरुवात केली.

वहीत घरधन्याचं नाव लिहायची रीत.
पेन थोडा वेळ हवेतच राहिला,
मग लिहिलं: सुपडाबाई. पुढे रेघ.
आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं.
"अक्षर बारीक काढ," म्हणाले,
"पान पुरायचं नाही."

आज दुपारी पाणी सोडलं.
पहिल्या लोंढ्यात गाळ, पाचोळा
आणि एक निळी चप्पल.
चप्पल कोणाची, कोणाची, करत
आम्ही पाटाच्या कडेनं
पार शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत गेलो.