गोठरेषा

फोर्खहाइम. रात्रपाळी, पावणेतीन.
डायच्या ओठांतून वर चढतो
वितळल्या पॉलिथिनचा फुगा,
दोन मजले उंच, थरथरता.

गेरलिंडे टोर्बेनला सांगते :
फार गरम असताना ताणलंस, तर विसरतं ते.
साखळ्या पुन्हा गुंता करून बसतात,
जणू कुणी ओढलंच नव्हतं.
उशीर केलास, तर फाटतं.

मग केव्हा?

ती मान वर करते. तिथे,
नितळ धुरकट होतं ना, त्या रेघेच्या
हातभर खाली.

पहाटे तो पट्ट्या कापून बघतो.
लांबीला ओढली : तुटेना.
रुंदीला :
टर्रकन.

"हवा वाढव, आडवाही ताण बसू दे,"
म्हणत ती जॅकेटची चेन लावते
डाव्या हाताने.
एकोणतीस वर्षं रोल उचललेला
उजवा खांदा
आता वर जात नाही.