सातवा ठिपका

तानव्वा मगदूम निगेटिव्ह घेऊन आल्या
लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून.
एकच तुकडा, कडेला बुरशी.
"ह्यांचा एवढाच फोटो हाय.
तोंड तेवढं साफ करून द्या की वो."

निपाणीत माझ्या दुकानाची पाटी कन्नडात,
उधारीची वही मराठीत,
आणि स्कॅनर घरी, शिलाई मशीनच्या फळीवर.

वखारीतला फोटो. संध्याकाळ,
मागे तंबाखूची बोदं, फ्लॅश नाही.
काढणाऱ्याने फिल्म धुताना ताणली असणार.
उजेड कमी पडला की चांदी रवाळ होते,
पाणी कमी पडलेल्या शिऱ्यासारखी.

आधी शार्पनिंग बंद केलं.
ते दाण्यालाच माणूस समजून
त्याच्या कडा कोरत बसतं.
मग एकावर एक सोळा फेऱ्या.
सावल्यांतली यंत्राची कुरकुर गेली,
दाणे जागचे हलले नाहीत.
हलतील कसे, ते यंत्राचे नव्हतेच.
मोठा स्कॅन घेऊन लहान केला, थोडे बसले.
उरलेल्यांसाठी पट्टी सरकवली.
तीस.
चाळीस.
साठला रायगोंडा मगदूम गुळगुळीत झाले.

तानव्वांनी पडदा पाहिला,
चष्मा पुसून परत पाहिला.
"हे आमचं धाकटं दीर दिसतंय की.
ह्यांना देवी आल्या होत्या लहानपणी.
खुणा कुठं गेल्या?"

पट्टी शून्यावर आणली.
पुन्हा सगळा चेहरा रवाच रवा.
देवीचा वण कुठला, चांदीचा कण कुठला,
मला कळेना. म्हटलं, तुम्हीच दाखवा.

त्यांनी डोळे मिटले,
बोट आधी स्वतःच्या गालावर फिरवलं,
मग पडद्यावर.
"ह्यो. ह्यो. भुवईपाशी जोडून दोन.
नाकाच्या अंगाला एक. हनुवटीवर खोल.
आणि ह्यो, पांढुरका."

सातांभोवती कुंपण घातलं,
बाकीचं रान सपाट केलं.
आठ बाय दहा, मॅट कागद.
"आता आलं बघा," म्हणाल्या,
आणि पैसे विचारले.

रात्री निगेटिव्ह पुसताना
सातवा ठिपका बोटाला आला.
तंबाखूची भुकटी.
फुंकर मारली होती मी, तरी चिकटून राहिलेली.
परत स्कॅन करायला हवं होतं खरं तर.
प्रिंट तर गेली होती.

तुकडा पाकिटात सरकवला,
आणि बोटही
त्याच पाकिटात झटकलं.