परज

मटण स्ट्रीटवर कुतुबभाईंच्या दुकानात,
फुटक्या कर्ण्याच्या ग्रामोफोनखाली
ती पडून होती. डब्याच्या झाकणाएवढी लोखंडी चकती.
"जपानी तलवारीची परज. सहीसकट," ते म्हणाले.

सही मी शेवटी बघतो.
शिवडीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं डाय कापल्या;
लोखंडाला आधी नखाने विचारायचं.
टिचकी मारली. ओतीव असती तर बद्द वाजली असती.
ही बारीक वाजली, आणि उशिरा थांबली.

नक्षीच्या भोकांतून करंगळी फिरवली.
साच्याची शिवण नाही. आतल्या भिंतीवर कानशीचे ओरखडे,
एके ठिकाणी घसरलेले.
कुणी हाक मारली असेल का रे तुला, तेवढ्यात?

गंज काळा, जांभळ्याकडे झुकलेला.
तेजाबाचा गंज भगवा, बोटाला लागतो. हा लागत नाही.

पात्याच्या फटीला वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकलेले:
पाती बदलली, परज तीच राहिली,
कुणाकुणाच्या अंगठ्यापुढे.

आणि नक्षी!
एक रानहंस लोखंडात ठेवलेला,
दुसरा कापून काढलेला.
बघताना दोन दिसतात.

मग सही. छिन्नीचे घाव ताजे, नखाला टोचणारे.
"लोखंड खरं, कुतुबभाई. नाव मागाहून चिकटवलंय."
ते जरा गप्प झाले.
"चाळीस हजार नावाचेच होते," म्हणाले,
आणि रागाने की गमतीने, काटा पुढे ओढला.

एकशे दहा ग्रॅम.
उडून गेलेला हंस सोडून.