मोर चाललाय

लॅपटॉप पालथा घातला चादरीवर.
चादर मोराची, सेकंडची.
एका मोराला डोळा नाही,
म्हणून विकली गेली नाही, घरी राहिली.
नऊ स्क्रू. आठ सारखे, एक आखूड.
आखूड कुठला ते ध्यानात ठेव, नायना म्हणाले,
यंत्र उघडताना पहिली चूक तिथंच होते.

एप्रिलचे तीन. विडी घरकुलात
पत्रा तापून टकटक बोलतो.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
कात्रीनं पानं कापत.
घाम पानावर पडला की विडी छाटात जाते,
म्हणून पंखा तिच्याकडे. मला नाही.

वायरलेस कार्ड निघालं अर्ध्या काडेपेटीएवढं.
त्याचा एकुलता स्क्रू काढला
आणि ते मान वर करून उभंच राहिलं,
हाजरीत नाव पुकारल्यासारखं.
दोन तारा, काळी नि पांढरी,
ब्लाउजच्या टिचबटणासारख्या.
नखानं उचकटल्या. टिच्. टिच्.

नायनांनी ते तळहातावर घेतलं.
अठ्ठावीस वर्षं त्यांनी जकार्डाची कार्डं ठोकली.
पुठ्ठ्याला भोक, दोरा वर.
भोक नाही, दोरा खाली.
एका मोराला सहाशे चाळीस कार्डं.
खिडकीशी जाऊन त्यांनी कार्ड उजेडासमोर धरलं.
"भोकं कुठायत?"
असतील आत, मी म्हणाले. मलाही कुठं माहीत.
"इंतेना?"
एवढंच? असं, आमच्या घरच्या भाषेत.
आणि कार्ड चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं.

नवं आणलं नव्या पेठेतून, मुजावरच्या दुकानातून,
साडेसातशेला,
गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.
काळी बसली. पांढरी बसल्यासारखी वाटली,
मग खरंच बसली.

चालू केलं. कोपऱ्यात खूण आली,
भरली, रिकामी झाली, गेली.
परत आली. परत गेली.
जुनं कार्ड डबीत
आणि त्याचा ड्रायव्हर अजून पाळीवर.

लपलेलं सगळं दाखव, म्हटलं.
करड्या, फिकट अक्षरात एकेक नाव वर आलं.
जुनं कार्ड.
त्याच्याही आधीचं एक, मी कधी न पाहिलेलं.
कुणाचा तरी प्रिंटर.
एक कानातला स्पीकर, नाव 'सुनंदाचा'.
आणि आठवणीत ठेवलेलं एक नेटवर्क,
'कुंभारवेस दुसरा मजला'.
माझ्याआधी हा कुणाकडे होता
ते मुजावरनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

काढलं. रिस्टार्ट.
जुना ड्रायव्हर हजर, तोंड धुऊन.
खाली एक बारीक चौकट असते,
तिच्यात खूण केली तरच तो मुळासकट जातो.
नायना खांद्यावरून बघत होते.
"कार्ड काढलं तरी राहतो?"
राहतो, सांगितलं नाही तर.
"कुणी सांगायचं?"
मी खूण केली. एक गेला. दुसरा गेला. प्रिंटर गेला.
सुनंदापाशी बोट थांबलं.
ती काही अडवत नव्हती. राहू दिली.

मागं आवाज येत होता, अगदी हलका.
नायनांचा अंगठा, स्वतःच्या गुडघ्यावर.
तीन ठोके, एक सोड, दोन ठोके,
सोड, सोड, एक.
कारखान्याला कुलूप लागून सहा वर्षं झाली.
आई वर न बघता म्हणाली,
"मोर चाललाय."
अंगठा थांबला.
पाच-दहा पानं कापून होईतो. मग पुन्हा.

खूण आली आणि टिकली.
गजूल किराणा, माळी वरचा मजला,
'फुकट मागू नये' नावाचं एक,
सगळी आळी ओळीनं उभी.
मी नऊ स्क्रू लावले, आखूड आखूडच्या जागी,
आणि चादर झटकली.

टिंग.
दहावा.
कार्डाचा.

म्हणजे आत ते अजून मान वर करून आहे,
झाकणानं नुसतं दाबून धरलंय.
चालतंय की, मी म्हणाले.
नायनांनी स्क्रू उचलला, फुंकला,
माझ्या हातावर ठेवला
आणि लॅपटॉप पालथा घातला.